थांबणाऱ्यांची ओळ

नांदखाडी बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची नळी फुटली, तेव्हा नेत्रा तांडेल पुण्यात मोबाइल कंपनीच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसली होती. त्या दिवशी तिचा सत्कार होता. सकाळचे सव्वाअकरा झाले होते. संचालक अभिराम देवस्थळी सांगत होते, की नेत्राने शोधलेल्या ओळपद्धतीमुळे राज्यातले नऊ कोटी फोन आणि त्यांच्या चौपट यंत्रं एकाच हवेत सुखाने नांदताहेत. टाळ्या झाल्या, शाल अंगावर पडली, उपमा-कॉफी झाली. साडेबाराला तिने पर्समधून फोन काढला, तर बंदरावरून अकरा फोन येऊन गेलेले. त्यातला एकही तिच्या बहिणीचा नव्हता.

जयवंती तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा नेत्रा आठवीत होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात सोडण्यापर्यंत सगळं जयवंतीनेच केलं. नवरा गेल्यावरही ती बंदरातच राहिली आणि मासळीच्या गोदामात काट्यावर वजनं घ्यायला लागली. नेत्राने त्या अकरांपैकी एका नंबरवर उलट फोन केला. पलीकडच्या बाईने एवढंच सांगितलं, की गोदामात वायू सुटला, दोघी गेल्या, जयवंतीला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलंय, ती जिवंत आहे, पण बोलत नाही.

घाट उतरून ती दवाखान्यात पोचली तेव्हा ऊन कललं होतं. जयवंतीच्या घशात नळी होती आणि डाव्या डोळ्यावर जाड पट्टी. डॉक्टर म्हणाले, वायूने घसा आतून भाजलाय, आवाज परत येईल पण पूर्वीचा नाही. डावा डोळा गेला. नेत्राला ऐकू येत होतं, पण अर्थ लागत नव्हता. ती पलंगाच्या कठड्याला धरून उभीच राहिली.

काय घडलं ते तिला दोन दिवसांत तुकड्यातुकड्यांनी समजलं. काट्याची खोली वरच्या अंगाला आहे. तिथून जयवंतीला कारखान्याच्या भिंतीतून पांढरी वाफ निघताना दिसली. तिने लगेच एकशे बारा लावला आणि तो पहिल्या झटक्यात लागला. गाड्या सतरा मिनिटांत आल्या, त्यात कुणाची कसूर नव्हती. पण वारा खालच्या शेडकडे वाहत होता, आणि त्या शेडमध्ये एकतीस बाया कोलंबी सोलत बसल्या होत्या. त्यांच्या नेहमीच्या दाराने त्या बाहेर पडल्या असत्या तर थेट वाफेतच. खाडीकडचं मागचं दार उघडून त्या बाजूने पळायचं, एवढंच कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. जयवंतीने शेडची मुकादम शेवंता हिला फोन लावला. तो लागला नाही. मग तिने फोन कमरेला खोचला, पदर तोंडाशी धरला आणि स्वतःच उतरणीवरून शेडकडे धावली. मागचं दार तिनेच उघडलं. एकोणतीस जणी वाचल्या. शेवंता आणि एकोणीस वर्षांची एक पोर आधीच पुढच्या दाराने निघाल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी जयवंतीने खुणेने पाटी मागितली आणि वाकड्या अक्षरांत लिहिलं, "शेवंताला फोन लागला नाही. रेंज फुल होती."

नेत्राने ते वाचलं. रेंज फुल आणि फोन लागत नाही, याचा अर्थ त्या खोलीत फक्त तिलाच कळत होता.

फोनवर ज्या दांड्या दिसतात त्या टॉवरच्या आवाजाच्या असतात. टॉवर खालच्यांशी बोलतो, तेव्हा तो एकटाच बोलत असतो आणि सगळ्यांना एकदम ऐकू येतो. फोनला वर बोलायचं असेल तर मात्र आधी दार ठोठवावं लागतं. ठोठवायचे सूर मोजके, चौसष्ट. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच सूर लावला तर टॉवरला कुणाचंच कळत नाही. दोघांनाही थांबून पुन्हा ठोठवावं लागतं. आणि ठोठवणारा कोण, कशासाठी ठोठवतोय, हे दार उघडेपर्यंत टॉवरला माहीत नसतं. माणसं कमी होती तोवर हे चाललं. मग विजेचे मीटर आले, पाण्याचे मीटर आले, गाईम्हशींच्या गळ्यात पट्टे आले, मासळीच्या प्रत्येक क्रेटला तापमान कळवणारी चकती आली. सगळ्यांना त्याच चौसष्ट सुरांवर दार ठोठवायचं.

तेव्हा सूर वाटून द्यावे लागले. हा सूर या गटाचा, तो त्या गटाचा, अमक्याने आत्ता ठोठवावं, तमक्याने चार सेकंदांनी. पण ही वाटणी दर क्षणाला बदलते, आणि प्रत्येक फोनला त्याची वाटणी सांगत बसलं तर सांगण्यातच हवा भरून जाते. नेत्राचा शोध इथे होता. तिने दोनशे छप्पन्न ओळींचं एक कोष्टक प्रत्येक यंत्रात आधीच घालून ठेवलं. एकेका ओळीत सगळ्या गटांची वाटणी. टॉवरने फक्त ओळीचा आकडा पुकारायचा. "सतरा" म्हटलं, की दहा हजार यंत्रांना एका श्वासात आपापली वेळ कळते. जिथे आधी पानभर मजकूर लागायचा तिथे एक आकडा. देशोदेशीच्या लोकांनी ते उचललं. सत्कार त्याचाच होता.

कोणतं यंत्र कोणत्या गटात, हे मात्र माणूस ठरवत नव्हता. ते एक शिकणारी प्रणाली रोज पहाटे ठरवायची.

आठवड्याने नेत्रा पुण्याला गेली आणि नांदखाडीच्या टॉवरची त्या दिवशीची नोंद तिने उघडली. अकरा वाजून एकवीस मिनिटांनी कारखान्याचा गारवा बंद पडला. गोदामातल्या नऊ हजार क्रेटच्या चकत्या एकदम जाग्या झाल्या आणि टॉवरवर तुटून पडल्या. टॉवरने दोनशे एकतीस पुकारला. दोनशे एकतीस ही गर्दीची ओळ. तिच्यात शेवटच्या गटाला सहा मिनिटं ठोठवायची मनाई होती. एकशे बारासाठी एक सूर राखीव होता, म्हणून तो फोन लागला. शेवंताचा नंबर राखीव नव्हता. जयवंतीच्या फोनने टॉवरचा आकडा ऐकला, कोष्टक पाहिलं आणि दार ठोठावलंच नाही. फोन लावल्यापासून शेवंता दारातून निघेपर्यंत चार मिनिटं दहा सेकंद होती.

त्याच सहा मिनिटांत बंदरावरून पाचशेच्या वर फोन व्यवस्थित लागले होते. लिलाववाल्यांचे, ट्रकवाल्यांचे. बंदर पाहायला आलेल्या कुणीतरी वाफेचं चित्रीकरण मित्राला पाठवलं होतं, तेही गेलं होतं.

म्हणजे जागा नव्हती असं नाही. मग जयवंती शेवटच्या गटात का?

याचं उत्तर काढायला तिला नऊ दिवस लागले. प्रणालीला एकच ध्येय दिलेलं होतं, पुन्हापुन्हा ठोठवणं कमीत कमी व्हावं, कारण गर्दी त्यानेच वाढते. हे वाक्य नेत्राने स्वतः लिहिलेलं, बैठकीत वाचून दाखवलेलं, आणि त्यात कुणाला काही खटकलं नव्हतं. प्रणालीने ते ध्येय गाठायचा सरळ रस्ता शोधला. अडवल्यावर जो दहादा ठोठवतो, त्याला आधी आत घे. अडवल्यावर जो गप्प थांबतो, त्याला थांबव. कोण थांबतो हे ती लोकांच्या सगळ्या वागण्यातून शिकत गेली. फोन लागला नाही तर हा माणूस परत लावतो का? पलीकडून उचलला नाही तर? कापला तर?

नेत्राने शेवटच्या गटाचा आकडा काढला. एक कोटी चौदा लाख माणसं. मग ग्राहकांच्या नोंदींशी ताडून ती माणसं कोण आहेत ते पाहिलं. बहुतेक बाया. म्हातारी माणसं. वसतिगृहांतली, दुसऱ्याच्या घरी काम करणारी, परक्या गावात राहणारी. बाई की पुरुष, जातधर्म, वय, पत्ता यांतलं काहीही प्रणालीला सांगितलेलं नव्हतं. तिने फक्त कोण थांबतं एवढंच पाहिलं होतं.

मग तिने जयवंतीच्या नंबरचा उतारा काढला. तीन वर्षांत त्या फोनवरून उत्तर न मिळालेले दोनशे सहा फोन. त्यांतले एकशे एकोणनव्वद एकाच नंबरला केलेले, आणि एकदाही लगेच परत लावलेला नाही. तो नंबर तिने वाचला. मग उठून खिडकी उघडली, परत येऊन पुन्हा वाचला. तो तिचा स्वतःचा नंबर होता.

बैठक चालू असायची. ती फोन उलटा ठेवायची, सवडीने "नंतर बोलते" असं पाठवायची आणि नंतर विसरून जायची. जयवंती कधीच परत लावत नसे. ताई समजूतदार आहे, असं नेत्रा नवऱ्याला कौतुकाने सांगायची. त्या प्रत्येक वेळी प्रणालीने एक टिंब मांडून ठेवलं होतं.

ती देवस्थळींकडे गेली. साठीचा हा गृहस्थ वाईट नव्हता. नेत्राला कामाला त्यांनीच लावलं होतं. त्यांनी सगळा उतारा नीट पाहिला, बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, सरकारच्या चौकशी समितीला अहवाल द्यायचाय, त्यात क्रेटच्या चकत्यांमुळे गर्दी झाली असं लिहू या. ते खोटं नव्हतं. चकत्या बनवणाऱ्यांना सुधारणा करायला लावता येईल. बाकीचं आतल्या आत दुरुस्त करू.

"सर, माझी बहीण आहे ती," नेत्रा म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय. तू त्यात पडू नकोस."

तिने दोन रात्री विचार केला आणि समितीपुढे जाऊन सगळं सांगितलं. ध्येयाचं वाक्य कुणी लिहिलं तेही सांगितलं. सहा सदस्य होते. ती एक कोटी चौदा लाख हा आकडा बोलली तेव्हा टिपणं घेणारे हात थांबले. एका निवृत्त न्यायाधीशबाईंनी विचारलं, "या लोकांना हे माहीत आहे?" नेत्रा म्हणाली, कुणालाच माहीत नव्हतं, आम्हालाही. एकशे एकोणनव्वद फोनांचं मात्र तिने तिथे सांगितलं नाही. त्याची समितीला गरज नव्हती, अशी तिने मनाची समजूत घातली.

त्याच आठवड्यात समितीच्या आदेशाने ओळपद्धतीतले गट तूर्त रद्द झाले आणि चिठ्ठी टाकल्यासारखी सगळ्यांची वेळ लागू लागली. लगेच ओरड झाली. फोन लागायला तीनचार सेकंद जास्त लागत होते. सहा दिवसांत चार लाख तक्रारी आल्या. त्यांत शेवटच्या गटातली एकही नव्हती.

नेत्राने समितीला एक गोष्ट आग्रहाने करायला लावली. त्या एक कोटी चौदा लाख लोकांना निदान कळवा, त्यांच्याशी काय केलं गेलं ते. समितीने मान्य केलं आणि मजकूर तिलाच लिहायला सांगितला. तिने साध्या मराठीत चार ओळी लिहिल्या: "गर्दीच्या वेळी तुमचा फोन गेली तीन वर्षं इतरांच्या मागे ठेवला जात होता. याचं कारण, फोन लागला नाही तर तुम्ही थांबता. सध्या ही पद्धत बंद आहे. ती पुन्हा सुरू करण्याला आपली काही हरकत असल्यास कळवावी."

बारा दिवसांनी देवस्थळींचा फोन आला. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, तेही चक्रावलेले होते. सात लाख लोकांनी उत्तर दिलं होतं. त्यांतल्या ब्याण्णव टक्के लोकांनी लिहिलं होतं, "हरकत नाही." उरलेल्यांनी नुसतं "मिळालं" म्हणून कळवलं होतं, हरकत एकाचीही नव्हती. कंपनीच्या वकिलांनी ते गठ्ठे समितीपुढे ठेवले होते. ज्यांच्यावर अन्याय झाला म्हणता, त्यांचीच हरकत नाही. मग पद्धत का बंद ठेवायची? हरकती नोंदवायला समितीने शेवटचे पंधरा दिवस दिले होते.

नेत्राने ती उत्तरं स्वतः उघडली. "हरकत नाही." "काही हरकत नाही, चालतं." "आपण कळवलंत हेच पुष्कळ." "हरकत नाही ताई, ज्यांना घाई आहे त्यांना जाऊ द्या." पानंच्या पानं. ती अर्धवट वाचूनच उठली. तिने गाडी काढली आणि थेट नांदखाडी गाठली.

जयवंती घरी आली होती. ओटीवर खुर्ची टाकून, उजव्या डोळ्याने तांदूळ निवडत बसली होती. आवाज परतला होता, पण तो खरवडल्यासारखा, मधूनच तुटणारा. नेत्राने चपला काढायच्या आधीच त्या उत्तरांचं सांगायला सुरुवात केली. जयवंतीने सगळं ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं.

"मीपण तेच पाठवलं," ती म्हणाली.

नेत्राला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय पाठवलंस?"

"हरकत नाही म्हणून. सरकारी कागदासारखं काहीतरी आलं होतं. वाचलं, उत्तर मागितलंय म्हणून दिलं. समोरच्या माणसाने विचारल्यावर आपण दुसरं काय म्हणतो?"

"ताई, तुझा डोळा गेला. शेवंता गेली."

"त्या कागदात शेवंताचं कुठे लिहिलं होतं?"

नेत्रा पायरीवर बसली. चार ओळी तिनेच लिहिल्या होत्या, आणि त्यात शेवंता खरंच कुठे नव्हती. फुटलेली नळी नव्हती, शेड नव्हती, चार मिनिटं दहा सेकंद नव्हते. तिने मग सुरुवातीपासून सांगितलं. टॉवर, सूर, दोनशे एकतीसचा आकडा. आणि समितीला जे सांगितलं नव्हतं तेही. तीन वर्षांत एकशे एकोणनव्वद वेळा तू मला फोन केलास, मी उचलला नाही, तू परत लावला नाहीस. त्यावरून मशीनने ठरवलं की ही बाई थांबू शकते. बोलताना तिला बहिणीकडे बघवेना, ती अंगणातल्या वाळत टाकलेल्या जाळ्याकडे पाहून बोलत राहिली.

जयवंतीला खोकल्याची उबळ आली. ती तिने पाणी पिऊन दाबली.

"एकशे एकोणनव्वद," ती म्हणाली. "म्हणजे मशीनला कळत होतं. मला वाटायचं, कुणाच्या ध्यानातच येत नाही."

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि नेत्राला तेच सोसवेना. ती रडू लागली. जयवंतीने तिला उगी केलं नाही. लहानपणी करायची तशी तिच्या पाठीवरून हात फिरवायलाही ती उठली नाही. तिने फक्त नेत्राचं रडणं संपू दिलं आणि मग विचारलं, "ते उत्तर खोडता येतं का?"

"खोडता नाही येत. नवीन हरकत नोंदवता येते."

"मग नोंदव. माझ्याने एवढं टाइप होत नाही, मी सांगते तू लिही."

या प्रकरणातली मनापासून नोंदवलेली पहिली हरकत ती. उरलेल्या दिवसांत नांदखाडीच्या बायांनी ती हरकत दुसऱ्या बंदरांवर नेली, तिथून ती वाड्यावस्त्यांवर गेली, आणि मुदत संपेपर्यंत एकोणचाळीस हजार हरकती जमल्या. सात लाखांपुढे तो आकडा थोडाच होता. पण समितीतल्या त्या न्यायाधीशबाईंनी निकालात लिहिलं, की न सांगता विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं "हरकत नाही" हे संमती म्हणून धरता येत नाही. गट कायमचे रद्द झाले. लोकांना फोन लागायला आजही तीनचार सेकंद जास्त लागतात आणि लोक आजही कुरकुरतात. नेत्राने कंपनी सोडली. शेवंताच्या घरी ती दोनदा जाऊन आली. दुसऱ्या वेळी त्यांनी तिला आत बोलावलं.

त्या दुपारी मात्र यातलं काहीच दोघींना ठाऊक नव्हतं. नेत्राने फोन काढला, डोळे पुसले आणि बोट अक्षरांवर धरलं. जयवंती एकेक वाक्य, मध्ये श्वास घेत, सांगत गेली.

"लिही. माझं नाव जयवंती नाखवा. मी आधी हरकत नाही असं कळवलं होतं, तेव्हा मला काय विचारलंय ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे. मी शेवंताला फोन लावला होता, तो लागायला पाहिजे होता." तिने घोटभर पाणी घेतलं. "थांबायची मला सवय आहे, हे खरं आहे. पण मी थांबते ती माझ्या माणसांसाठी. ते थांबणं उचलून कुणी टॉवरला द्यायचं नव्हतं."

नेत्राची बोटं मध्येच अडली.

"लिहिलंस का?" जयवंतीने विचारलं.

"लिहिते."

"मग वाचून दाखव."